घरबसल्या विद्या आणि आपले वसतिगृह
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात यवतमाळ येथे दिलेले भाषण)



मंडळाच्या ह्या वार्षिक संमेलनात चार शब्द बोलण्याची आज्ञा कार्यकारिणीने आम्हांस केली, ह्याबद्दल आम्ही तिचे मनःपूर्वक आभारी आहोत. आम्ही विद्वान नव्हे. मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण झालो, अध्यापनाचे प्रशिक्षण घेतले आणि नोकरीची सारी वर्षे ह्या जिल्ह्यातील जिल्हा परिषदेच्या शाळांत घालविली. महाविद्यालयाच्या वर्गात विद्यार्थी म्हणून बसण्याचा योग आम्हांस आला नाही. तेव्हा विद्यापीठातील विद्यार्थ्यांच्या अभ्यासाविषयी बोलण्याचा तुम्हांस अधिकार काय, असे कोणी विचारल्यास त्यात वावगे नाही. त्यावर आमचे इतकेच म्हणणे आहे की, ज्यांना आम्ही बाराखडी शिकविली त्यांचीच मुलेमुली आज यवतमाळ, पुसद, वणी व अमरावती येथील महाविद्यालयांत आहेत. आणि सेवानिवृत्तीनंतर आपल्या येथील वसतिगृहात सायंकाळच्या अभ्यासाच्या वेळी जाऊन बसण्याचा क्रम आम्ही ठेविला आहे. तेथे जे पाहिले, आणि आपल्या समाजातील तरुण प्राध्यापकांकडून जे समजावून घेतले, तेच आपणांपुढे ठेवणार आहोत.

हा विषय आम्ही हौसेने निवडलेला नाही. तो मंडळापुढील एका प्रश्नातून निघालेला आहे. गेल्या काही बैठकींत एक सूचना वारंवार पुढे येत आहे. आपल्या काही तरुण सभासदांचे म्हणणे असे की, आता सर्व शिक्षण मोबाईलवर घरबसल्या मिळते. व्याख्याने मिळतात, पुस्तके मिळतात, परीक्षांचा सरावही करावयास मिळतो. मग शहरात वसतिगृह चालविण्याचा, त्याच्या डागडुजीचा, स्वयंपाकी व पहारेकरी ह्यांच्या पगाराचा भार मंडळाने कशासाठी वाहावा? इमारत भाड्याने द्यावी, आणि त्या उत्पन्नातून प्रत्येक गरजू विद्यार्थ्यास एक चांगला मोबाईल व वर्षभराचा रिचार्ज द्यावा. वसतिगृहात मोजकीच मुले राहू शकतात. मोबाईल शेकडो मुलांच्या हाती पोहोचेल.

ह्या सूचनेमागील हेतू चांगला आहे आणि तिच्यातील हिशेबही वरवर पाहता बिनचूक वाटतो. म्हणून केवळ जुन्या गोष्टींच्या मायेपोटी तिला नकार देणे योग्य होणार नाही. घरबसल्या शिकल्याने महाविद्यालयीन विद्यार्थ्याचे अभ्यासातील लक्ष वाढते की घटते, आणि त्याची विद्या वाढते की केवळ गुण वाढतात, हे अनुभवाच्या व पुराव्याच्या कसोटीवर पाहावे आणि मगच निर्णय घ्यावा, अशी आमची विनंती आहे.

प्रथम एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. शिक्षक एकीकडे आणि विद्यार्थी दुसरीकडे, ही पद्धत मोबाईलबरोबर जन्मास आलेली नाही. इंग्लंडमध्ये आयझॅक पिटमन ह्यांनी १८४० साली टपालाने लघुलेखन शिकविण्यास आरंभ केला. आपल्या देशात दिल्ली विद्यापीठाने १९६२ साली पत्रद्वारा अभ्यासक्रम सुरू केले. महाराष्ट्रात १९८९ साली नाशिक येथे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाची स्थापना झाली, आणि ज्ञानगंगा घरोघरी नेण्याचे ब्रीद घेऊन ते आजतागायत कार्य करीत आहे. आपल्या जिल्ह्यातील कित्येक नोकरदार, गृहिणी व शेतकरी त्याच्यामुळे पदवीधर झाले. परंतु ह्या मुक्त विद्यापीठाने नुसती पुस्तके घरी पाठवून आपले काम संपले असे कधी मानले नाही. गावोगावी अभ्यासकेंद्रे उघडली, ठरावीक दिवशी विद्यार्थ्यांनी तेथे जमावे व शिक्षकास शंका विचाराव्या, अशी योजना केली. घरी शिकणाऱ्यासही अधूनमधून माणसाजवळ येऊन बसावे लागते, हे दूरशिक्षणाच्या प्रवर्तकांनी आधीच ओळखले होते.

आता जो मोठा प्रयोग आपणा सर्वांवर येऊन पडला त्याकडे वळू. २०२० च्या मार्च महिन्यात करोनाच्या साथीमुळे महाविद्यालये बंद झाली आणि २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी लागू झाली. अमरावती, अकोला, बुलढाणा, वाशीम व यवतमाळ हे पाच जिल्हे ज्याच्या कक्षेत येतात, ते १९८३ साली स्थापन झालेले आणि आज संत गाडगेबाबांचे नाव धारण करणारे आपले विद्यापीठही त्यास अपवाद नव्हते. अंतिम वर्षाची परीक्षा घ्यावी की न घ्यावी ह्यावर वाद झाला. विद्यापीठ अनुदान आयोगाने ६ जुलै २०२० रोजी परीक्षा घेण्याविषयी सूचना काढल्या. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि परीक्षेवाचून अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांना उत्तीर्ण करता येणार नाही, असा निर्णय २८ ऑगस्ट २०२० रोजी झाला. त्याच वर्षी राज्यातील काही कृषी महाविद्यालयांच्या विद्यार्थ्यांच्या गुणपत्रिकांवर, कोविडमुळे वरच्या वर्गात घातले अशा अर्थाचा शेरा उमटला, आणि त्यावर मोठी ओरड झाली. पदवीच्या कागदावर असा डाग राहिला तर पुढे नोकरी कोण देईल, ही त्या मुलांची भीती अनाठायी नव्हती.

पुढे १५ फेब्रुवारी २०२१ पासून राज्यातील महाविद्यालये निम्म्या उपस्थितीने उघडावयाची ठरली. परंतु नेमक्या त्याच दिवसांत अमरावती, अकोला व यवतमाळ ह्या आपल्याच भागात साथीने पुन्हा डोके वर काढले, आणि आपल्या महाविद्यालयांची दारे उघडता उघडता मिटली. २० ऑक्टोबर २०२१ रोजी वर्ग पुन्हा भरू लागले. जानेवारी २०२२ मध्ये तिसऱ्या लाटेने पुन्हा खंड पडला. म्हणजे २०२० साली बारावी उत्तीर्ण होऊन जे विद्यार्थी महाविद्यालयात दाखल झाले, त्यांच्या तीन वर्षांच्या पदवीपैकी जवळजवळ पहिली दोन वर्षे लहानशा काचेच्या पडद्यावर गेली.

त्या काळात घरोघरी काय स्थिती होती? राष्ट्रीय नमुना पाहणीच्या २०१७-१८ सालच्या ७५ व्या फेरीत असे आढळले होते की, देशाच्या ग्रामीण भागातील शंभर कुटुंबांपैकी सुमारे पंधरांकडेच इंटरनेटची सोय होती, तर संगणक चार-पाच कुटुंबांकडेच होता. शहरांत हेच प्रमाण अनुक्रमे ४२ व २३ असे होते. २०११ च्या जनगणनेनुसार आपल्या जिल्ह्याची लोकसंख्या २७ लाख ७२ हजार असून त्यांतील शंभरापैकी अठ्ठ्याहत्तर माणसे खेड्यांत राहतात. २०१६ च्या सप्टेंबरनंतर डेटा स्वस्त झाला व मोबाईल पुष्कळ घरांत गेला हे खरे. पण एका घरात एक मोबाईल, तो वडिलांच्या खिशात, आणि वडील शेतावर, अशी अवस्था आपल्या किती घरांत होती ते आपण जाणताच. झरी-जामणी, मारेगाव, घाटंजी, महागाव ह्या तालुक्यांतील डोंगराळ गावांत व कोलाम पोडांवर रेंज मिळण्यासाठी मुलांना गावाबाहेरच्या टेकाडावर किंवा फाट्यावर जाऊन उभे राहावे लागे. कोकणात एका महाविद्यालयीन विद्यार्थिनीस तिच्या घरच्यांनी डोंगरावर झोपडी बांधून दिली आणि पावसाळ्यात ती तेथे बसून शिकली, ही वार्ता तेव्हा वृत्तपत्रांतून आली होती. तिच्या निष्ठेचे कौतुक करावे तितके थोडेच. परंतु प्रत्येकास अशी झोपडी बांधून देणारे कोण असते?

यंत्राची अडचण ही अर्धीच गोष्ट झाली. उरलेली अर्धी घरातल्या कामाची आहे. मुलगा अथवा मुलगी महाविद्यालयात गेली की ती अभ्यासास गेली, असे घर मानते. तीच मुलगी घरी मोबाईल घेऊन बसली की ती रिकामी आहे, असे घरास वाटते. सोयाबीनची सोंगणी आली, कापसाची वेचणी आली, घरी कोणी आजारी पडले, पाहुणे आले, की पहिली हाक तिलाच. आमच्या ओळखीच्या एका मुलीने कानात श्रवणयंत्र घालून व्याख्यान ऐकत ऐकत कापूस वेचला. तिच्या हजेरीत त्या दिवशी उपस्थित अशीच नोंद झाली असेल, पण त्या तासाचे काय हाती लागले, असे आम्ही विचारले तेव्हा ती म्हणाली, "गुरुजी, आवाज आला, पण समजलं काहीच नाही." काही मुलींची लग्ने त्याच दोन वर्षांत उरकली गेली, कारण एकच, पोर घरीच तर आहे. आईबापांना दोष देण्यासाठी आम्ही हे सांगत नाही. शेतकऱ्याच्या घरी हंगामात दहा हातही अपुरे पडतात. सांगावयाचे ते इतकेच की, अभ्यासास जशी पुस्तकाची गरज असते तशीच कामापासून दूर असलेल्या जागेची व वेळेची असते.

आता लक्षाविषयी बोलू. आम्ही फळ्याकडे पाठ करून उभे असताना मागल्या बाकावर काय चालले आहे ते आम्हांस कळत असे, असे आमचे विद्यार्थी थट्टेने म्हणतात. त्यात तथ्य आहे. शिक्षक वर्गात शिकवितो तेव्हा तो शब्दांच्या मागे चेहरे वाचीत असतो. दहा चेहरे उजळले व पाच कोरे राहिले, की तो तेच उदाहरण दुसऱ्या रीतीने सांगतो. पडद्यावरील वर्गात प्राध्यापकांना चेहरे दिसत नसत. काळ्या चौकोनांत नुसती नावे दिसत. डेटा वाचावा म्हणून मुले कॅमेरा बंद ठेवीत, आणि काही जण चौकोन तेथे ठेवून आपण निघून जात. आमच्या समाजातील एक प्राध्यापक सांगत होते की, शेवटी "काही शंका?" असे विचारल्यावर जी शांतता पसरे, तीत समजल्याची शांतता कोणती व निघून गेल्याची कोणती, हे ओळखण्याचे साधनच उरले नव्हते.

हा केवळ आपल्याकडील अनुभव आहे असे नव्हे. साधनांची काहीच वाण नाही अशा देशांतही ह्याची तपासणी झाली आहे. हार्वर्ड विद्यापीठ व मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्था ह्यांनी जगातील कोणासही घरबसल्या शिकता यावे म्हणून विनामूल्य अभ्यासक्रम काढले. त्यांच्या आकड्यांचा जो अभ्यास २०१९ साली 'सायन्स' ह्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला, त्यात २०१७-१८ साली शंभर नोंदणी करणारांपैकी जेमतेम तिघांनी अभ्यासक्रम पुरा केल्याचे दिसले. ज्यांनी प्रमाणपत्रासाठी पैसे भरले होते त्यांतील मात्र ४६ टक्के शेवटपर्यंत पोहोचले. विद्येचे दार उघडे असणे आणि त्यातून आत जाऊन शेवटपर्यंत बसणे, ह्यांत किती अंतर आहे ते ह्यावरून कळते. त्याच अभ्यासक्रमांच्या चित्रफितींविषयी २०१४ साली झालेल्या दुसऱ्या पाहणीत असे दिसले की, चित्रफीत कितीही लांब असो, सामान्य विद्यार्थ्याचे लक्ष तिच्यावर फार तर सहा मिनिटे टिकते.

तिसरे उदाहरण अधिक बोलके आहे. अमेरिकेच्या वेस्ट पॉईंट येथील लष्करी अकादमीत २०२० साली अर्थशास्त्राच्या प्राथमिक अभ्यासक्रमाचे विद्यार्थी जणू चिठ्ठ्या टाकून दोन भागांत विभागले. काहींना प्राध्यापकांनी वर्गात शिकविले, काहींना पडद्यावरून. अभ्यासक्रम एक, परीक्षा एक, आणि दोन्ही वाटांनी शिकविणारे प्राध्यापकही तेच. पडद्यावरून शिकलेल्यांचे गुण कमी आले. आणि मुख्य गोष्ट अशी की, जे आधीपासून अभ्यासात कच्चे होते त्यांचेच नुकसान सर्वांत अधिक झाले. पडद्यावरून शिकलेल्या विद्यार्थ्यांनी असेही सांगितले की, त्यांना एकाग्र होणे कठीण गेले, व शिक्षकांशी आणि सोबत्यांशी त्यांचे नाते जुळले नाही. लष्करी शिस्तीत राहणाऱ्या, उत्तम साधने हाताशी असलेल्या मुलांची ही गत. मग ज्याच्या घरी अभ्यासाला कोपरा नाही त्याचे काय? अमेरिकेतीलच वॉशिंग्टन राज्यात सुमारे चाळीस हजार विद्यार्थ्यांची जी पाहणी २०१३ च्या सुमारास झाली, तीतही वयाने लहान, मागील गुण कमी असलेले आणि समाजाच्या मागे पडलेल्या थरांतून आलेले विद्यार्थीच ऑनलाईन अभ्यासक्रमांत अधिक घसरल्याचे आढळले.

बंधुभगिनींनो, आमच्या मते ह्या साऱ्याचे सार इतकेच आहे की, ऑनलाईन शिक्षणाने सर्वांस सारखा पाठ दिला, पण सारखी विद्या दिली नाही. ज्याच्या अंगी अभ्यासाची सवय मुरलेली आहे, ज्यास बसावयास जागा व विचारावयास माणूस आहे, तो त्यातून पुढे जातो. ज्याच्यापाशी ह्यांपैकी काही नाही तो मागे पडतो, आणि मागे पडल्याचे त्यास कळतही नाही.

कळत का नाही, ह्याचे कारण गुणपत्रिकेत आहे. साथीच्या काळात परीक्षाही घरी आली. बहुपर्यायी प्रश्न, उत्तरावर बोट ठेवावयाचे, शेजारी पुस्तक उघडे, आणि मित्रांच्या गटावर उत्तरांची देवघेव. सर्वांनीच असे केले असे आम्ही म्हणणार नाही. पण ज्यांच्या नावापुढे पूर्वी कधी न दिसलेले गुण चमकले, अशी उदाहरणे आपणां प्रत्येकास ठाऊक आहेत. वसतिगृहात वाणिज्य शाखेचा एक विद्यार्थी त्या काळानंतर परत आला. गुण ऐंशीच्या वर. एके सायंकाळी आम्ही त्यास सहज म्हणालो की, बाबा, किर्दीतील ही नोंद खतावणीत कशी न्यावयाची ते आम्हांस समजावून दे. तो गप्प राहिला. थोड्या वेळाने डोळ्यांत पाणी आणून म्हणाला, "गुरुजी, गुण माझे आहेत, पण विषय माझा नाही." मुलगा प्रामाणिक होता म्हणून बोलला. २०२२ च्या उन्हाळ्यात परीक्षा पुन्हा केंद्रावर, कागदावर, हाताने लिहून द्यावयाची वेळ आली, तेव्हा परीक्षा ऑनलाईनच घ्या अशी मागणी राज्यात ठिकठिकाणी विद्यार्थ्यांनी का केली, ह्याचा उलगडा त्या एका वाक्यात होतो. दोन वर्षांत तीन तास सलग लिहिण्याची हाताची सवयही मोडली होती.

असे असले तरी मोबाईलला सरसकट दूषण देणे हा अन्याय होईल. त्याचे उपकारही खरे आहेत. वर्गात एकदा निसटलेले वाक्य कायमचे निसटते. ध्वनिचित्रित व्याख्यान दहा वेळा थांबवून ऐकता येते. इंग्रजीत अडखळणाऱ्या आमच्या खेड्यातील विद्यार्थ्यास ही मोठीच सोय आहे. नोकरी करणारास, लेकरू कडेवर असलेल्या मुलीस, वणी-उमरखेडकडून यवतमाळास शंभर किलोमीटरांचा प्रवास रोज करू न शकणारास घरबसल्या पदवी घेता येते. आणि मान्यताप्राप्त संस्थेची अशी पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची आहे, हे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ साली स्पष्ट केले आहे. केंद्र सरकारने २०१७ साली सुरू केलेल्या 'स्वयम्' ह्या व्यवस्थेतील अभ्यासक्रमांचे श्रेयांक एका सत्रात ४० टक्क्यांपर्यंत पदवीत धरता येतील, अशी मुभा आयोगाने २०२१ साली दिली. तेव्हा हे शिक्षण साथीबरोबर आले व साथीबरोबर गेले असे नाही. ते राहणार आहे आणि वाढणार आहे. म्हणूनच त्याचा लाभ आपल्या मुलांना कसा मिळेल, हे आपणांस ठरवावयाचे आहे.

ह्या दृष्टीने वसतिगृहाच्या प्रश्नाकडे पाहावे. आपल्या पूर्वसूरींनी वसतिगृहे का काढली? शाळा तर सरकार काढीतच होते. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ साली कोल्हापुरात पहिले वसतिगृह सुरू केले व पुढे निरनिराळ्या समाजांच्या मुलांसाठी अशी वसतिगृहे उभी केली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यास सर्व जातींची मुले एकत्र राहतील असे वसतिगृह चालविले. आपल्या वऱ्हाडात डॉ. पंजाबराव देशमुखांनी अमरावतीस श्रद्धानंद छात्रालय काढले आणि मग शिक्षणसंस्था उभारली. ह्या थोर पुरुषांना हे ठाऊक होते की, खेड्यातील मुलाची खरी अडचण शाळेच्या तासात नसते. ती शाळा सुटल्यानंतरच्या तासांत असते. शहरातल्या सुशिक्षित घरच्या मुलास सायंकाळी दिवा, जागा, पुस्तक आणि "आज काय शिकलास?" असे विचारणारे वडील असतात. वसतिगृहाने तेच घर खेड्यातल्या मुलास दिले. आज पाठ मोबाईलवर आला. परंतु ते घर मोबाईलवर आलेले नाही.

"आज काय शिकलास?" ह्या प्रश्नाचे बळ केवळ मायेचे नाही, त्याला शास्त्राचाही आधार आहे. २००६ साली रोडिगर व कार्पिके ह्या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही विद्यार्थ्यांनी एक उतारा पुनःपुन्हा वाचला; दुसऱ्यांनी तो एकदा वाचून, न पाहता, आठवून तीनदा लिहिला. पाच मिनिटांनी तपासले तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने तपासले तेव्हा वाचणारांच्या ध्यानात शंभरापैकी ४० भाग उरले होते, तर आठवून लिहिणारांच्या ६१. मोबाईलवर तेच व्याख्यान तीनदा ऐकणाऱ्या मुलास आपणांस सर्व येते असा भास होतो तो ह्या पहिल्या पाच मिनिटांचा. जुन्या पंतोजींची पाठ म्हणून घेण्याची रीत अगदीच टाकाऊ नव्हती, हे ऐकून आम्हां म्हाताऱ्यांस थोडा आनंद झाला, हे सांगावयास हरकत नाही.

आता आमच्या सूचना थोडक्यात मांडतो. पहिली अशी की, वसतिगृहाची इमारत भाड्याने देऊ नये. उलट तेथील एक मोठी खोली अभ्यासिका करावी. तीत चांगले इंटरनेट, चार-दोन संगणक आणि विजेची पर्यायी सोय असावी. मोबाईल तीन-चार वर्षांत जुना होतो. अभ्यासिका पिढ्यांना पुरते. ही अभ्यासिका सायंकाळी आपल्या ज्ञातीबाहेरील गरजू विद्यार्थ्यांसही खुली ठेवावी. भाऊराव व पंजाबराव ह्यांचे नाव घ्यावयाचे आणि दारावर जात विचारावयाची, हे आपणांस शोभणार नाही.

दुसरी सूचना आपल्या तरुण सभासदांचा आक्षेप लक्षात घेऊन करीत आहोत. वसतिगृह सर्वांपर्यंत पोहोचत नाही, हे त्यांचे म्हणणे खरे आहे. म्हणून ज्या ज्या तालुक्यात आपली वस्ती आहे तेथे समाजमंदिराची अथवा कोणाच्या घरची एक खोली सायंकाळी दोन तास अभ्यासासाठी राखावी. आपल्यातील एका पदवीधराने आठवड्यातून दोन दिवस तेथे यावे आणि मुलांकडून, पुस्तक मिटून, आठवड्यात शिकलेले म्हणून घ्यावे. जेथे मोबाईल नाही तेथे मंडळाने तो अवश्य द्यावा. पण तो ह्या खोलीस जोडून द्यावा. तिसरी गोष्ट मातापितरांसाठी. घरी शिकणाऱ्या मुलास, विशेषतः मुलीस, दिवसातील दोन तास कोणतेही काम सांगू नये. वेचणीच्या दिवसांतही नाही. त्या दोन तासांची मजुरी बुडाली असे वाटले, तर ती मुलीच्या शिक्षणाची फी समजावी. आणि रात्री जेवताना तिला विचारावे. तुम्हांस विषय कळला नाही तरी चालेल. सांगताना तिलाच तो कळेल.

चौथी सूचना सावधगिरीची आहे. घरबसल्या पदवी देतो अशा जाहिराती पुष्कळ येतात. पैसे भरण्यापूर्वी ती संस्था व तो अभ्यासक्रम विद्यापीठ अनुदान आयोगाच्या मान्य यादीत आहे की नाही, हे जाणत्याकडून तपासून घ्यावे. वैद्यक, परिचर्या, औषधनिर्माण, अभियांत्रिकी, विधी ह्यांसारख्या शाखांच्या पदव्या घरबसल्या देण्यास आयोगाची मान्यता नाही, एवढे तरी प्रत्येक घरात ठाऊक असावे.

ज्या गाडगेबाबांचे नाव आपल्या विद्यापीठास आहे, ते कीर्तनात लोकांना सांगत की, घरातील भांडी मोडावी लागली, हातावर भाकरी घेऊन खावी लागली तरी चालेल, पण लेकरांना शिकवावे. बाबांना जाऊन १९५६ पासून इतकी वर्षे झाली. आज आपल्या घरांत भांडी आहेत, ताटे आहेत, मोबाईलही आहेत. लेकरासाठी मोडावयाचे राहिले आहे ते आपल्या वेळेचे ताट. यंत्र विकत देऊन तो वेळ वाचविता येईल असे आम्हांस वाटत नाही.

वसतिगृहाचा ठराव उद्याच्या साधारण सभेपुढे येणार आहे. मत देण्यापूर्वी प्रत्येक सभासदाने आज सायंकाळी तेथे जाऊन अर्धा तास बसावे, मुलांना दोन प्रश्न विचारावे आणि मग आपल्या विवेकाने हात वर करावा, एवढीच प्रार्थना आहे.